सांभाळता येईल, हा भरवसा

अठरा ते अठ्ठावीस वर्षांच्या मुलामुलींच्या मनात दोन प्रश्न सतत घोळत असतात. ‘माझी किंमत काय?’ हा पहिला. ‘मला जे वाटतंय ते मला झेपेल का?’ हा दुसरा. मानसशास्त्र पहिल्याचा विचार आत्मसन्मान या नावाखाली करतं आणि दुसऱ्याचा विचार भावना हाताळण्याविषयीचा आत्मविश्वास म्हणून करतं. पहिल्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. न्यूनगंड हा शब्द घरोघरी पोचला आहे, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं तालुक्याच्या गावी भरतात आणि स्वतःवर प्रेम करायला सांगणाऱ्या रील मोबाइलवर एकामागून एक येत राहतात. दुसरा प्रश्न मात्र तरुणांना फारसं कुणी विचारत नाही आणि तेही तो मोठ्याने बोलून दाखवत नाहीत. दुसऱ्याचं उत्तर सापडल्याशिवाय पहिल्याचं उत्तर टिकत नाही, अशी या पुस्तकाची भूमिका आहे.

पुण्यातल्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रोडच्या आजूबाजूला याचं उदाहरण रोज दिसतं. बीड, नांदेड, यवतमाळ, नंदुरबार अशा ठिकाणांहून आलेली मुलंमुली अभ्यासिकेत जागा धरून बसतात, मेसचा डबा खातात आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करतात. पूर्व परीक्षेचा निकाल लागतो आणि एखाद्याचं नाव एक-दोन गुणांनी हुकतं. त्या संध्याकाळी त्याच्या मनात एकाच वेळी किती काय काय असतं! वय निघून चालल्याची भीती असते, गावी फोन करण्याची लाज असते, रूममेटची पोस्ट निघाली म्हणून वाटणारा मत्सर असतो आणि घरून येणाऱ्या पैशांमुळे पोखरणारा अपराधीपणाही असतो. पुढच्या अटेम्प्टचा अभ्यास सुरू करायचा तर आधी या भावनांशी काहीतरी करावं लागतं. कुणी आठवडाभर खोलीबाहेर पडत नाही. कुणी मोबाइल बघत रात्री काढतं. कुणी घरी खोटंच सांगतं. कुणी मित्राजवळ मनसोक्त रडून चार दिवसांनी पुस्तक उघडतं. या चौघांच्या बुद्धीत आणि तयारीत फारसा फरक नसेलही. ‘हे वाईट आहे, पण माझ्या हाताबाहेरचं नाही’ हा भरवसा मात्र चौथ्याकडे आहे आणि पुढची वाट त्यावर ठरते.

स्पर्धा परीक्षेच्या बाहेरही हेच घडतं. वैद्यकीय प्रवेशासाठी लातूरला राहिलेली मुलगी, पहिल्या नोकरीत साहेबांची बोलणी खाऊन लोकलने घरी परतणारा मुलगा, प्रेमसंबंध तुटल्यावर हॉस्टेलच्या खोलीत दिवस ढकलणारी विद्यार्थिनी, लग्न होऊन नव्या घरात आलेली बावीस वर्षांची सून, परदेशात शिक्षण संपवून नोकरीची आणि व्हिसाची वाट बघणारा मराठी तरुण, या सगळ्यांचे प्रसंग वेगळे असले तरी कसोटी एकच आहे.

हे वय मुळातच अशा कसोट्यांचं आहे. एरिक एरिकसन यांनी किशोरवयाचा मुख्य पेच ‘मी कोण’ हा असल्याचं सांगितलं आणि त्यानंतर येणाऱ्या तारुण्याचा पेच जवळीक आणि एकटेपण यांच्यातला असल्याचं मांडलं. पुढे २००० साली जेफ्री आर्नेट यांनी १८ ते २५ या वयाला ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ असं स्वतंत्र नाव दिलं. शिक्षण लांबलं, लग्न पुढे गेलं, नोकऱ्या अस्थिर झाल्या आणि त्यामुळे धड पोरपण नाही, धड मोठेपण नाही असा एक लांबलचक काळ तयार झाला, हे त्यांचं निरीक्षण होतं. आपल्याकडे ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. स्वतःला शोधण्यासाठी लागणारी सवड हीच ज्यांना मिळत नाही, त्यांच्या आत्मसन्मानाचा विचार वेगळ्या पायावर करावा लागतो. भावनांना आवर घालण्यात मोठा वाटा असलेला मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. म्हणजे आयुष्यातले सर्वांत मोठे निर्णय आपण मुलांकडून अशा वेळी मागतो, जेव्हा ते निर्णय पेलण्याची त्यांची यंत्रणा अजून घडते आहे.

या विषयाचा अभ्यास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८९० साली विल्यम जेम्स यांनी आत्मसन्मानाचं एक साधं गणित मांडलं. माणसाच्या यशाला त्याच्या अपेक्षांनी भागलं की जे उत्तर येतं, तो त्याचा आत्मसन्मान. यश तेवढंच राहिलं आणि अपेक्षा वाढल्या तर माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो. हे सूत्र आजही उपयोगी आहे, पण त्यातला छेद आजचा विद्यार्थी एकटा ठरवत नाही. क्लासच्या फलकावरचे यशवंतांचे फोटो, नातेवाइकांचे प्रश्न आणि शिक्षणासाठी काढलेलं कर्ज मिळून तो ठरवतात. १९०२ मध्ये चार्ल्स कूली यांनी नेमका हाच सामाजिक धागा पकडला. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसत असू याची आपण कल्पना करतो आणि त्या कल्पनेवरून स्वतःचं मोल ठरवतो, असं त्यांनी म्हटलं. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना कूली समजावून सांगावे लागत नाहीत.

मोजमापाचा काळ सुरू झाला तो मॉरिस रोझेनबर्ग यांच्यापासून. न्यूयॉर्क राज्यातल्या पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींचा अभ्यास करून त्यांनी १९६५ साली पुस्तक लिहिलं. त्यांची दहा विधानांची मोजपट्टी आज जगभर वापरली जाते. रोझेनबर्ग यांच्या दोन गोष्टी आपण नीट ऐकल्या नाहीत असं मला वाटतं. पहिली अशी की त्यांच्या लेखी आत्मसन्मान म्हणजे स्वतःला श्रेष्ठ समजणं नव्हतं. मी पुरेसा आहे, पुरेशी आहे, एवढं वाटणं म्हणजे आत्मसन्मान. दुसरी गोष्ट घराविषयीची होती. आईवडिलांना मुलाच्या मित्रमैत्रिणी ठाऊक आहेत का, त्याच्या प्रगतिपुस्तकाकडे ते लक्ष देतात का, जेवताना घरच्यांच्या बोलण्यात तोही असतो का, असं त्यांनी विचारलं. ज्या मुलांकडे घरात कुणाचं लक्षच नव्हतं, त्यांचा आत्मसन्मान रागावणाऱ्या आईबापांच्या मुलांपेक्षाही कमी आढळला. दोन वर्षांनी स्टॅनली कूपरस्मिथ यांनी याला जोड दिली. मुलाचा स्वीकार, स्पष्ट मर्यादा आणि त्या मर्यादेत त्याच्या मताला मान, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र असतात तिथे आत्मसन्मान रुजतो, असं त्यांना दिसलं.

यानंतर हा विचार प्रयोगशाळेतून बाहेर पडला आणि त्याची चळवळ झाली. नॅथॅनिएल ब्रँडन यांच्या १९६९ च्या पुस्तकाने आत्मसन्मान हा मनाच्या आरोग्याचा गाभाच ठरवला. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये लोकप्रतिनिधी जॉन व्हास्कॉन्सेलोस यांच्या पुढाकाराने आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृती दल नेमलं. मुलांना स्वतःबद्दल चांगलं वाटू लागलं की व्यसनं, गुन्हेगारी, शाळागळती हे सगळं कमी होईल, अशी ती आशा होती. १९९० साली दलाचा अहवाल आला आणि शाळाशाळांत कौतुकाचे कार्यक्रम सुरू झाले. पुरावा मात्र तेव्हाही अशक्त होता. याच उपक्रमातून निघालेल्या अभ्यासग्रंथात समाजशास्त्रज्ञ नील स्मेल्सर यांनी हे संबंध अपेक्षेपेक्षा फार क्षीण असल्याचं मान्य केलं होतं. २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन पुन्हा तपासलं. आत्मसन्मान वाढवल्यामुळे गुण वाढतात किंवा वागणं सुधारतं असं त्यांना आढळलं नाही. बऱ्याचदा क्रम उलटाच असतो. काही जमू लागलं की माणसाला स्वतःविषयी बरं वाटतं.

२००९ मध्ये कॅनडात जोअॅन वुड यांनी केलेला एक प्रयोग तर प्रत्येक प्रेरणादायी वक्त्याने वाचावा असा आहे. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितल्यावर ज्यांचा आत्मसन्मान मुळातच कमी होता त्यांना आणखी वाईट वाटलं. ज्या वाक्यावर मनाचा विश्वास बसत नाही ते वाक्य घोकलं की मन त्याविरुद्धचे पुरावे काढू लागतं. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच हा उपाय सर्वांत कमी मानवतो.

यावरून आत्मसन्मान बिनमहत्त्वाचा आहे असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. २०१३ मध्ये यूलिया सोविस्लो आणि उलरिख ऑर्थ यांनी दीर्घकाळ चाललेले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कमी आत्मसन्मान पुढच्या नैराश्याची शक्यता वाढवतो हे स्पष्ट दिसलं. प्रश्न त्याच्या महत्त्वाचा नाही, तो कशावर उभा आहे याचा आहे. जेनिफर क्रॉकर यांनी हेच तपासलं. कुणी स्वतःचं मोल गुणांवर टांगतं, कुणी रूपावर, कुणी इतरांच्या पसंतीवर. जो आत्मसन्मान एकाच अटीवर उभा असतो, तो ती अट मोडली की कोसळतो. कार्ल रॉजर्स यांनी विनाअट स्वीकाराचा आग्रह धरला तो याचसाठी. अल्बर्ट एलिस त्याही पुढे गेले. कृतींना गुण द्या, माणसाला गुण देऊच नका, हे त्यांचं सांगणं होतं आणि शेवटच्या वर्षांत त्यांनी आत्मसन्मान या कल्पनेलाच भ्रम ठरवणारं पुस्तक लिहिलं. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून स्वतःविषयीच्या करुणेचा विचार मांडला. पडलेल्या मित्राशी आपण जसं बोलतो तसं स्वतःशी बोलावं आणि दुःख आपल्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही हे ओळखावं, हा त्याचा गाभा.

हा झाला पहिल्या प्रश्नाचा प्रवास. दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास उशिरा सुरू झाला, पण तो अधिक आशादायक आहे. १९७७ साली अल्बर्ट बँडुरा यांनी स्वक्षमतेची कल्पना मांडली. सापांची विलक्षण भीती असलेल्या लोकांना त्यांनी टप्प्याटप्प्याने, सोबत राहून, सापाजवळ जायला आणि शेवटी त्याला हाताळायला शिकवलं. प्रत्येक टप्प्यावर ‘हे मला जमेल’ ही खात्री जेवढी वाढली, तेवढी पुढची कृती सोपी झाली. ही खात्री चार वाटांनी येते असं त्यांनी दाखवलं. स्वतः करून पाहणं ही सर्वांत भक्कम वाट. आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं ही दुसरी. विश्वासातल्या माणसाचा धीर ही तिसरी. आणि शरीरातली धडधड, घाम, थरथर यांचा आपण काय अर्थ लावतो, ही चौथी. विहिरीत उतरल्याशिवाय पोहणं येत नाही हे गावातल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. पहिल्या दिवशी कमरेला दोर लागतो आणि काठावर जाणतं माणूस लागतं, हेही त्याला माहीत असतं. भावनांच्या बाबतीत आपण मुलांना दोर न बांधता ढकलतो, नाहीतर काठावरच बसवून ठेवतो.

हाच विचार भावनांना लागू झाला तेव्हा नवं क्षेत्र उघडलं. १९९० मध्ये साल्वातोरे कॅटान्झारो आणि जॅक मर्न्स यांनी मन खट्टू झाल्यावर ‘काही केलं तर मला बरं वाटू शकेल’ असं माणूस कितपत मानतो, हे मोजणारी प्रश्नावली तयार केली. पुढच्या वर्षी मर्न्स यांनी प्रेमसंबंध तुटलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ती दिली. ज्यांचा हा भरवसा पक्का होता, त्यांना ब्रेकअपनंतरच्या दिवसांत कमी नैराश्य आलं. इटलीत जियान व्हित्तोरियो काप्रारा यांनी बँडुरा यांच्याबरोबर १४ ते १९ वयाच्या ४६४ मुलामुलींचा अभ्यास केला आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. राग, निराशा आवरता येते आणि आनंद, जिव्हाळा मोकळेपणाने व्यक्त करता येतो, असं ज्यांना वाटत होतं त्यांना अभ्यास पेलणं, सोबत्यांच्या दबावाला नकार देणं आणि दुसऱ्याचं दुःख समजून घेणं हेही अधिक जमत होतं. २००७ मध्ये माया तामिर आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. भावना बदलता येतात असं मानणारी मुलं नव्या जागी अधिक चांगली रुळली आणि त्यांना मित्रांचा आधारही जास्त मिळाला.

मग भावना हाताळायच्या म्हणजे नेमकं काय करायचं? जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये याची पाच ठिकाणं दाखवली. प्रसंग निवडता येतो, प्रसंगात बदल करता येतो, लक्ष दुसरीकडे वळवता येतं, प्रसंगाचा अर्थ नव्याने लावता येतो आणि शेवटी भावना उसळल्यावर तिच्या प्रकटीकरणाला आवर घालता येतो. आपल्या घरांत शिकवला जातो तो बहुतांशी पाचवाच मार्ग. ‘मुलगा असून रडतोस?’, ‘पोरीच्या जातीला एवढा राग बरा नव्हे’, या वाक्यांतून मुलं चेहरा कोरा ठेवायला शिकतात. ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं की चेहरा कोरा ठेवला तरी आतलं दुःख कमी होत नाही, शरीरावरचा ताण उतरत नाही आणि त्या वेळी काय बोललं गेलं हेही नीट लक्षात राहत नाही. अर्थ नव्याने लावणाऱ्यांची स्थिती तुलनेने चांगली असते. ‘मी नापास झालो’ आणि ‘मी नालायक आहे’ या दोन वाक्यांमधलं अंतर ओळखायला शिकणं, एवढ्यापासूनही सुरुवात होते.

आता या दोन प्रश्नांमधला दुवा. ज्याला स्वतःच्या भावनांची भीती वाटते तो त्या भावना जागवणाऱ्या जागाच टाळू लागतो. मुलाखतीला जात नाही, वर्गात शंका विचारत नाही, मैत्रिणीशी झालेल्या भांडणावर बोलत नाही, अर्जच भरत नाही. टाळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण ज्या अनुभवांतून आपलं मोल आपल्याला कळायचं ते अनुभवच हातून जातात. मग स्वतःविषयीचं मत आणखी खाली येतं आणि टाळणं वाढतं. हे चक्र स्तुतीने तुटत नाही. लाज वाटत असतानाही फोन करता आला, हात थरथरत असतानाही मुलाखत देता आली, अशा लहान लहान अनुभवांनी ते तुटतं.

हे सगळं संशोधन मुख्यतः पाश्चात्त्य विद्यापीठांतलं आहे आणि ते जसंच्या तसं उचलणं धोक्याचं आहे. हेझेल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की काही संस्कृतींत ‘मी’ स्वतंत्र असतो आणि काहींत तो नात्यांमध्ये गुंफलेला असतो. आपला ‘मी’ बराचसा दुसऱ्या प्रकारचा आहे. मुलाच्या यशात घर नाचतं आणि अपयशात घर गप्प होतं. भावना आवरून धरण्याचे दुष्परिणामही सगळीकडे सारखे नसतात, हे एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नोंदवलं. मोठ्यांसमोर राग गिळणं हा दर वेळी भित्रेपणा नसतो, कधी ती नातं जपण्याची विचारपूर्वक निवड असते. ती निवड आहे की धाक, हे मात्र त्या तरुणाला स्वतःशी प्रामाणिकपणे ओळखता यायला हवं.

भावनांचा विचार आपल्या परंपरेलाही नवा नाही. नाट्यशास्त्राने आठ स्थायी आणि तेहतीस संचारी भावांची मांडणी केली आणि भाव येतात-जातात हे बारकाईने टिपलं. योगसूत्रांनी मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या वृत्तींचा अभ्यास सुचवला. समर्थांनी दोनशेपाच श्लोक थेट मनाला उद्देशून रचले आणि तुकोबांनी आपली घालमेल उघडपणे अभंगांत मांडली. स्वतःच्या मनाशी बोलण्याची ही मराठी सवय आपण पाठांतराच्या स्पर्धांपुरती उरवली, याचं मला वाईट वाटतं.

आत्मसन्मानाचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा मात्र मानसशास्त्राच्या वर्गाबाहेर घडला. ज्यांना शतकानुशतकं हीन ठरवलं गेलं, त्यांच्या मनातली लाज त्यांची स्वतःची नाही, ती लादलेली आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखलं. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं गेली ती पाण्यासाठी आणि त्याहून अधिक माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. अपमानाचा संताप त्यांनी गिळला नाही आणि उधळलाही नाही, त्याला संघटित कृतीचं रूप दिलं. १९८९ मध्ये जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी मांडलं की कलंकित ठरवलेल्या समूहांचा आत्मसन्मान कमीच असतो असं नाही, कारण अपमानाचं कारण स्वतःत नसून समोरच्याच्या पूर्वग्रहात आहे हे कळल्यावर मन वाचतं. दया पवारांचं ‘बलुतं’ किंवा ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. वसतिगृहात आडनाव विचारलं गेल्यावर ज्या मुलाचा घास अडतो, त्याला श्वासाचे व्यायाम देऊन भागत नाही. त्याला या इतिहासाचं बळ आणि संस्थेकडून न्याय, दोन्ही हवं.

महाराष्ट्रात या विषयाची जमीन नांगरणारी माणसंही झाली. कि. मो. फडके यांनी एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार इथे रुजवला, अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ लिहून तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने हा विषय दवाखान्याबाहेर आणला. आजच्या तरुणाला मनाविषयी मराठीत बोलता येतं, त्यात या कामाचा वाटा आहे.

मग आत्ताच हे पुस्तक का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या, त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते आणि राज्यांमध्ये सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या. आत्महत्येमागे एकच एक कारण कधीच नसतं, त्यामुळे या आकड्यांवरून कुणाच्या मनोबलाचा निवाडा करू नये. पण ते वाचून स्वस्थही बसता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांमध्ये सुमारे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं आढळलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचा हक्क दिला आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. कायदा आणि आदेश दार उघडतात. त्या दारातून आत पाऊल टाकण्यासाठी ‘मदत मागणं म्हणजे हरणं नव्हे’ ही समज लागते आणि ती समाजातच घडावी लागते.

या पुस्तकाचा प्रयत्न त्या समजेसाठी आहे. यातले लेख तरुणांबरोबर काम करणाऱ्या माणसांनी लिहिले आहेत आणि ते तीन दिशांना बोलतात: तरुणांशी, त्यांच्या घराशी आणि ते जिथे शिकतात किंवा काम करतात त्या संस्थांशी. तरुणांना इथे घोषवाक्यं मिळणार नाहीत. भावनेला नाव देणं, ती शरीरात कुठे जाणवते हे पाहणं, तिच्यासोबत आलेला विचार तपासणं आणि मग एक लहान कृती करून पाहणं, अशी सरावाची वाट मिळेल. आईवडिलांना मुलाचं कौतुक कसं करावं यापेक्षा त्याचं ऐकावं कसं हे अधिक सापडेल. शिक्षकांना आणि संस्थाचालकांना काही अवघड प्रश्न विचारले आहेत, कारण सतत अपमान करणारी व्यवस्था तशीच ठेवून विद्यार्थ्यांना सहनशक्तीचे धडे देणं हा अन्याय आहे.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. हे उपचारांची जागा घेऊ शकत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटावं. जगणं नको असं मनात येऊ लागलं असेल तर एक दिवसही थांबू नये. सरावाने सगळं सुटतं असा दावा इथे कुठेही नाही. काही दुःखांना औषध लागतं, काहींना न्याय लागतो, काहींना वेळच लागतो.

तरुण वाचकांना माझं सांगणं एवढंच आहे. स्वतःबद्दल रोज चांगलं वाटलं पाहिजे, ही सक्ती स्वतःवर करू नका. वाईट वाटेल, लाज वाटेल, हेवा वाटेल. ते वाटत असतानाही करता येण्याजोगी एक लहान गोष्ट निवडा आणि ती करून पाहा. पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचायला हवं असं नाही. ज्या लेखात आपला प्रसंग दिसेल तिथून सुरुवात करा आणि शक्य असेल तर तो लेख एखाद्या मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर वाचा. आणि ओझं फारच झालं तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. फोन करा.